फेकलेलं बूच

डॉटमामा ब्रेक ऑइलची नवी बाटली उघडली की सगळ्यात आधी तिचं बूच फेकून द्यायचे. नुसतं बाजूला टाकायचे नाहीत. गॅरेजच्या मागे वेड्या बाभळीचं रान होतं, त्यात ते असं भिरकावायचे की परत आणायला जायची कुणाची छाती होऊ नये. पण त्याआधी बाटलीच्या बुडाला खिळ्यानं त्या दिवसाची तारीख कोरायची, मग सील तोडायचं, मग बूच बाभळीत. त्या दिवशी जेवढ्या गाड्यांना लागेल तेवढं वापरायचं आणि संध्याकाळी उरलेलं काळ्या ऑइलच्या डब्यात ओतून मोकळं व्हायचं. "बूच ठेवलं की माणसाला बाटली ठेवायचा मोह होतोय," असं त्यांचं म्हणणं. "अन् ठेवलेलं ब्रेक ऑइल म्हंजे मनात ठेवलेलं भांडण. बरोबर घाटात वर येतंय."

आता हे मी कौतुकानं लिहिते आहे, पण त्या काळात हा माणूस माझ्या डोळ्यांत सलायचा. एखादीला सवत असावी ती कशी? तरणीताठी, नाकीडोळी नीटस. माझी सवत साठीला टेकलेली, टक्कल पडलेली, कानावर पेन्सिल खोचणारी आणि ग्रीसचा वास मारणारी होती. दर रविवारी सकाळी आमचे हे अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याकडे निघायचे. मला बाजारात न्यायचं असलं की कालचाच शर्ट चालायचा.

आम्ही तेव्हा लातूरला होतो. हे मोजणीच्या ऑफिसात आणि मी शाळेत. मी मूळची नांदेड जिल्ह्यातल्या नायगावची, त्यामुळे लातूरनं मला आणि मी लातूरला कधी मनापासून आपलं म्हटलं नाही. यांना एकच नाद, लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलचा. मोठी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली गाडी. घरात दिवसभरात तीन वाक्यं बोलणारा माणूस डॉटमामांच्या गॅरेजात तीन तास बोलायचा. मी एकदा विचारलं, "काय बोलता एवढं?" तर म्हणाले, "काही नाही, ब्रेकबद्दल." ब्रेकबद्दल तीन तास! आमच्या लग्नाच्या बैठकीत सगळं ठरायला एवढा वेळ लागला नव्हता.

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. कुणीही गाडी घेऊन आलं की पहिला प्रश्न "डॉट किती?" म्हणून ते डॉटमामा. ब्रेक ऑइल डॉट तीनचं असतं, चारचं असतं, पाचचं असतं, आणि कुठल्या गाडीला कुठलं घालायचं ते दुकानदाराला विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. "हँडलवर डबी हाय ना, तिच्या झाकणावर कंपनीनं कोरून ठेवलंय. गाडी सोताच्या तोंडानं सांगून राहिली, अन् माणसं गावभर विचारत फिरतेत." आमच्या शेजारच्या इंजिनिअर साहेबांनी एकदा चारऐवजी पाचचा हट्ट धरला. पाच मोठा, म्हणजे चांगला असणार. मामांनी त्यांच्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "बूट कितीचा घालता?" "आठचा." "मग दहाचा घाला की, मोठा हाय." साहेब चारवर आले. घरी येऊन यांनी मला हा किस्सा चार वेळा सांगितला. माझ्या वर्गातला एकही किस्सा यांना दुसऱ्यांदा ऐकावासा वाटला नव्हता.

मामा मूळचे कंधारचे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पान्यांची पिशवी घेऊन एसटीनं इथं उतरले. "जिल्हा झाला की सायेब आधी येतेत, हापिसं मागनं," असं सांगायचे. "त्या सायबांच्या गाड्यावर माझं पोट चाललं." म्हणून नव्या जिल्ह्याचा विषय निघाला की त्यांचे कान टवकारायचे. त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठली होती. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठंही जा, आज होणार की उद्या एवढाच प्रश्न. मोजणीच्या ऑफिसात तर सगळे आपापली बदली हिशोबात धरून बसलेले. मी आपली म्हणायचे, जिल्हा व्हायचा तेव्हा होईल, आधी नळाला पाणी येऊ द्या.

कारण दुष्काळाचं ते पहिलं वर्ष होतं. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. मी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं तुळशीला वापरत होते. आमच्या मागच्या खोलीत पिंपं, घागरी, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवलेली असत. आणि मामांच्या गॅरेजात काय, तर ब्रेकचं काम निघालं की गाडीशेजारी एक पितळी तांब्या भरून ठेवलेला. काठोकाठ. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला की रंग पोपडे धरून सुटतो, आणि त्यावर पाणी हाच उपाय. त्यासाठी तो तांब्या. त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही, मामांनीही नाही. चहा तर गॅरेजात कुणालाच मिळत नसे. "चहा पेणाराचं ध्यान कपात राहतंय," म्हणायचे. बारा वर्षांच्या ओळखीत आमच्या यांनाही तिथं कधी घोटभर चहा मिळाला नव्हता, पण त्याचंही यांना कौतुकच.

एका रविवारी मी यांच्याबरोबर गॅरेजात गेले. बघू तरी म्हटलं, असं काय आहे तिथं. मामांनी मला खुर्ची पुसून दिली आणि अगदी सहज म्हणाले, "मग बाई, सायबांनी नांदेडला बदली मागितली म्हणायची. तुमचं माहेर जवळ पडंल."

मी यांच्याकडे बघितलं. हे डबीचे स्क्रू बघत होते. माझ्या नवऱ्यानं बदलीचा अर्ज केला होता, तोही माझ्या माहेराजवळ, माझ्या मनातल्या जिल्ह्यात, आणि मला ते कळत होतं एका मिस्त्रीकडून. आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड झाला. नंतर हे म्हणाले, "झाली असती म्हणजे सांगणारच होतो, आधी आशा कशाला लावायची?" मामांना बरी आशा लावली.

त्या दिवशी मामांनी एक बाटली उघडली होती. दोन तृतीयांश तरी भरलेली असेल. बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून ते उठले, हे त्यांच्यामागे गेले, आणि मी त्या बाटलीकडे बघत बसले. फिक्या मधाच्या रंगाचं, स्वच्छ, नवं कोरं. संध्याकाळी हे सगळं ऑइल काळ्या डब्यात जाणार. मामांनी कारणही सांगितलं होतं, की ब्रेक ऑइल उघडं राहिलं की हवेतलं पाणी पितं आणि बिघडतं. मला हसूच आलं होतं. इथं लातुरात माणसाला प्यायला पाणी मिळेना, याला हवेतून कोण पाजणार आहे? राग होताच, त्यात दुष्काळानं हाताला लावलेली सवय. मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत उभी केली. मामा परत आले, त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा गाडीपाशी बसले.

घरी आणून मी ती लोणच्याच्या बरणीसारखी जपली. बूच बाभळीत गेलेलं, म्हणून तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, वर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी डकवली आणि घरातल्या सगळ्यात थंड जागी, मागच्या खोलीत, पाण्याच्या पिंपांच्या मधोमध ठेवली. नीटनेटकेपणाचा मला अभिमान होता.

पाऊस आला तसा गेला. दुसरा उन्हाळा पहिल्यापेक्षा वाईट. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि मी यांना म्हटलं, या रविवारी माहूरला जाऊ, आपण दोघंच. लग्न झाल्यापासून मला रेणुकामातेच्या डोंगरावर यांच्याबरोबर जायचं होतं. हे म्हणाले, "या रविवारी मामांकडे ब्रेक ऑइल बदलायचंय, दोन वर्षं झाली. पुढच्या रविवारी बघू."

झालं. माझा रविवार पुन्हा सवतीनं नेला. मी म्हटलं, "बारा वर्षं बघताय ना? मग शनिवारी घरीच बदला. चौकातल्या दुकानातून बाटली मी आणते." आणि मागच्या खोलीत जाऊन फडकं सोडलं, चिठ्ठी काढली, खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीचं बूच पुसून घट्ट बसवलं, आणि संध्याकाळी त्यांच्या हातात दिली. "सील तुम्हाला निघणार नाही म्हणून मी काढून ठेवलं, त्यात थोडं सांडलं," एवढं बिनदिक्कत खोटं मी त्याआधी बोलले नव्हते. यांनी बाटलीवरचं 'चार' वाचलं, हँडलवरच्या डबीच्या झाकणावरचं 'चार' वाचलं, समाधान पावले.

ती शनिवारची दुपार मात्र मी जन्मात विसरणार नाही. अंगणात गाडी, टाकीवर जुनी चादर, शेजारी मामांसारखाच पाण्याचा तांब्या. हे चाकापाशी बसलेले, तिथल्या छोट्या नटाला पारदर्शक नळी लावून. मी हँडलपाशी. "दाब," म्हणायचे, मी लिव्हर दाबायची. "धर," म्हणायचे, मी धरून ठेवायची. मग ते नट सैल करायचे, नळीतून चहासारखं काळपट ऑइल यायचं, नट आवळायचे आणि म्हणायचे, "सोड." दाब, धर, सोड. एकदा मी आधीच सोडली तर नळीत बुडबुडे आले आणि हे ओरडायच्याऐवजी हसले. तासभर आम्ही दोघं एका कामात होतो. असं यापूर्वी कधी झालं होतं, मला आठवेना. नवशिक्या हातांनी इतकं ऑइल वाया घालवलं की मागच्या ब्रेकला उरलंच नाही. "मागचं पुढच्या महिन्यात," हे म्हणाले. तेच नशीब.

माहूरला दर्शन छान झालं. उतरताना घाटात ऊन रणरणत होतं. आमच्यापुढे एक ट्रॅक्टर रेंगाळत होता, म्हणून हे सारखा पुढचा ब्रेक धरून होते. तिसऱ्या का चौथ्या वळणावर यांचं अंग ताठ झाल्याचं मला पाठीवरून कळलं. "लिव्हर खाली गेली," एवढंच म्हणाले. लिव्हर मुठीला टेकली होती आणि गाडी थांबत नव्हती. पुढे ट्रॅक्टर, डाव्या हाताला दरी. यांनी गिअर खाली ओढले, मागच्या ब्रेकवर उभे राहिले आणि गाडी उजवीकडे मुरमाच्या बांधात घातली. आम्ही आडवे झालो. माझं कोपर सोलवटलं, यांच्या पँटचा गुडघा गेला, बाकी काही नाही. पण मी तिथं मुरमात बसून दरीकडे बघत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे बाटलीच्या तोंडाला बांधलेलं ते फडकं येत होतं.

तासाभरानं चाक थंड झालं तसा ब्रेक परत आला. आम्ही सायकलच्या वेगानं घाट उतरलो आणि रात्री उशिरा घरी आलो. सगळ्या रस्त्यात हे एकच बोलले, "माझ्या हाताला अक्कल नाही. तुला मारलं असतं मी." दुसऱ्या दिवशी गाडी विकायचं काढलं. आठ दिवस माणूस जेवला नाही नीट. मी खरं सांगायला दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं. सांगितलं तर हा माणूस पुन्हा कधी माझ्या हातची कुठली वस्तू भरवशानं घेईल का, याचीच धास्ती वाटत होती.

पुढच्या रविवारी हे रिकामी बाटली घेऊन मामांकडे गेले. मी घरात बसून देवाचा धावा करत होते. दुपारी परत आले ते शीळ घालत. "मामा म्हणाले, हातात दोष नाही. माल शिळा होता. घाटात ब्रेक तापला, आतलं पाणी उकळून वाफ झाली. ऑइल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ दाबली की दबते. दुकानदारानं जुनी बाटली गळ्यात मारली तर तुम्ही काय करणार, म्हणाले." गाडी विकायचं बारगळलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि मामांवर आणखी जळले. मी आठ दिवसांत जे करू शकले नव्हते, ते या माणसानं दोन वाक्यांत केलं होतं.

मृगाच्या आधीच मामांनी लातूर सोडायचं ठरवलं. उदगीर जिल्हा होणार, तिथं आतापासून जागा धरावी असा मुलांचा आग्रह. यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं मी सुटले म्हणेन, पण मला झोप लागेना. एका दुपारी, हे ऑफिसात असताना, मी एकटी गॅरेजात गेले. मामा पाने गोणपाटात बांधत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मामा, ती बाटली दुकानातली नव्हती."

"बसा," ते म्हणाले. "बुडाला तारीख कोरलेली व्हती, बाई. माझ्याच हातची."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"हाव."

"मग यांना का सांगितलं नाहीत?"

मामांनी गोणपाटाची गाठ मारली. "सायेब आले त्या दिवशी. ब्रेक गेल्याचं दोन वाक्यात सांगितलं. अन् तुम्ही लिव्हर कशी दाबली, कशी धरली, तेच तासभर सांगून राहिले. म्हणले, मामा, आमच्या घरच्यांचा हात लई तयार हाय. माणूस इतकं खुशीनं सांगून राहिला, मी मधी कशाला तोंड घालू?"

मला रडू आलं आणि रागही आला. बारा वर्षं जे मी ऐकायला बसले होते, ते हे बोलले होते, पण पुन्हा मामांकडेच. सवतीनं इतकं चांगलंही वागू नये, माणसाला धड भांडता येत नाही.

"पण एक सांगा," मामा म्हणाले, "बूच कुठलं लावलं व्हतं?"

"खोबरेल तेलाचं."

मामा इतके हसले की कानावरची पेन्सिल खाली पडली. मग उठले, स्टोव्ह पेटवला, कोपऱ्यातला तो पितळी तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी पातेलीत ओतलं. मला म्हणाले, "आता इथं कुठली गाडी यायची न्हाई. च्या घ्या." लातुरात त्या दिवशी त्या पाण्याची किंमत काय होती ते मला ठाऊक होतं. मी कपात ध्यान ठेवून चहा प्याले. निघताना ते म्हणाले, "त्येंना सांगायचं का न्हाई ते तुमचं तुम्ही बघा. पण लई दिवस ठेवू नका."

मी ठेवलं, दोन वर्षं. यांची नांदेडला बदली झाली नाही, उदगीर जिल्हा झाला नाही, पाऊस मात्र आला. मामा गेल्याची बातमी उदगीरहून फोनवर आली तेव्हा हे दिवसभर गाडी पुसत बसले. मी आत पोळ्या करत होते आणि माझेही डोळे वाहत होते. हे मला रडताना बघून चकित झाले. त्यांच्या लेखी मी मामांना दोन-चारदाच भेटले होते.

त्यानंतर ब्रेक ऑइल बदलायची वेळ आली. कोरडी दुपार बघून यांनी गाडी अंगणात घेतली. बाटली आणायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन आले होते. मी म्हटलं, "चौकातलं दुकान होतं की."

"त्या माणसाकडून मी खिळासुद्धा घेणार नाही," हे म्हणाले. "शिळा माल देऊन माझी बायको मारणार होता तो."

तेव्हा मला उलगडलं. तो बिचारा दुकानदार दोन वर्षं यांना नमस्कार घालत होता आणि हे दोन वर्षं तोंड फिरवून जात होते. मामांनी मला वाचवलं होतं, पण त्या दुकानदाराला मी बुडवलं होतं. मी हँडलपाशी उभी होते. तिथूनच सगळं सांगितलं. पिशवीतली बाटली, फडकं, पिंपं, खोबरेलचं बूच, सगळं. यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून लिव्हरकडे बघून बोलले.

हे चाकापाशी बसूनच राहिले. पाना हातात तसाच.

"मामांना माहीत होतं?"

"बाटली बघितल्यापासून."

"आणि मामा तुला हे कधी बोलले?"

"उदगीरला जायच्या आधी. मी एकटीच गेले होते. चहा करून दिला मला."

मला वाटलं, आता घाटातलं सगळं निघणार. यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "गॅरेजात? चहा?"

"हो."

"तांब्यातल्या पाण्याचा?"

"त्यातल्याच."

यांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता, दर रविवारी इस्त्रीचा शर्ट निघाला की मी तो आरशात बघत आले होते. "बारा वर्षं गेलो मी त्यांच्याकडे," हे म्हणाले. "मला कधी विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी नव्या बाटलीच्या बुडाला खिळ्यानं तारीख कोरली, सील तोडलं आणि बूच कुंपणापलीकडे लांब फेकून दिलं. "उद्या त्या दुकानदाराकडे जाऊ, दोघंही," म्हणाले, आणि चाकाकडे वळले.

"दाब," ते म्हणाले. मी लिव्हर दाबून धरली.